लिचीच्या मुळांवरची बुरशी

४ मार्च, रविवार
आज ही येऊन गेली. बहिणीकडे राहायला गेल्यापासून एकही रविवार चुकवलेला नाही. कारण काय, तर अंगणातल्या लिचीला पाणी. पाणी काय, मी नाही घालू शकत? परत यायचंय, पण तोंडाने म्हणणार नाही. मानी आहे.

५ मार्च
संकल्प: यापुढे लिचीची निगा मी राखणार. यंदा पहिल्यांदाच मोहोर आलाय. घड लगडले की ही बॅग घेऊन हजर. खुरपं सापडलं नाही. उद्या.

७ मार्च
बुंध्याभोवती चांगलं खोल खणलं. थोडी मुळं तुटली, असो. बघतो तर काय, मुळांना पांढरे धागे. बुरशी! औषधाच्या दुकानात जन्म गेला माझा. अख्खं गाव नायट्याचं मलम माझ्याकडून नेतं, आणि बुरशी माझ्याच अंगणात? हिच्या लक्षातही आलं नाही. बरं, मी आहे.

८ मार्च, सकाळ
दुकानातली बुरशीनाशक पावडर मुळांवर ओतली. वर नायट्यावरच्या गोळ्या कुटून पाण्यात कालवून दिल्या. माणसाला चालतं, झाडाला का नाही चालणार?

११ मार्च, रविवार
ही आली नाही. बहिणीला ताप. फोनवर म्हणाली, झाडाला हात लावू नका. माझ्या कंबरेची काळजी, दुसरं काय.

१९ मार्च
कालच्या रविवारीही ही आली नाही, बहिणीचा ताप अजून उतरलेला नाही. पानं गळतायत. मोहोर काळा पडला. औषध लागू पडताना आधी त्रास वाढतो, गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो. डोस वाढवला.

२२ मार्च
रोपवाटिकावाल्याला फोन केला. म्हणे, ती बुरशी चांगली असते, तीच मुळांना खाऊपिऊ घालते, मारलीत कशाला? त्याला नवीन रोप खपवायचं असणार. छातीत धडधडतंय. ॲसिडिटी.

२५ मार्च, रविवार
ही आली. झाडापाशी बसली. मी सगळं सांगितलं, डोससकट. ऐकून घेतलं. मग म्हणाली, लावलं तेव्हा रोप धरेना, म्हणून माहेरच्या लिचीखालची माती आणून घातली होती, त्या बुरशीसाठीच. वडिलांनी स्वतः खणून दिलेली. आता ते झाड नाही, वडीलही नाहीत.

मी म्हणालो, तू परत यावीस म्हणून केलं गं सगळं.

ती म्हणाली, "मी झाडासाठी येत होते हो. तुमच्यासाठी नाही."

चिडली असती तर बरं झालं असतं. घराची किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेली.

१ एप्रिल, रविवार
सकाळीच दाढी केली. दुपारी बेल वाजली. इस्त्रीवाला.

घर खायला उठतं. हे कुणाला सांगणार?

किल्ली ओट्यावरून हलवलेली नाही. आली की तिला शोधायला लागू नये.