डबीची मागची बाजू

प्रिय बारके,

काल तुझा फोन दोनदा आला, मी उचलला नाही. कामात नव्हते. टेबलावर फोन थरथरत होता आणि मी नुसती त्याच्याकडे बघत होते. आई सांगत होती, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या नव्या नोकरीवर तू आठवडाभर गेली नाहीस, घरातही तोंडाला ओढणी गुंडाळून बसतेस, आणि माझीच कातडी मेली नाजूक म्हणून स्वतःला बोल लावतेस. ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लहानपणापासून तू माझं सगळं खरं मानतेस. पेन्सिलीचं टोक गिळलं की पोटात झाड उगवतं, असं मी एकदा ठोकून दिलं होतं. त्या झाडाला मिळू नये म्हणून तू दिवसभर पाण्याला शिवली नाहीस! तेव्हा मी पोट धरधरून हसले होते. पुढे त्याच गुणावर मला नोकरी लागली, क्रीमच्या डब्यांवरचा मजकूर लिहायची, आणि तू मैत्रिणींना डब्या दाखवत सुटलीस की हे माझ्या ताईनं लिहिलंय.

आता मी दिलेली ती डबी उलटी कर. मागच्या बारीक अक्षरांतल्या यादीत जे जास्त ते आधी आणि जे नावापुरतं ते शेवटी असतं. पुढे आम्ही कोरफडीचं हिरवंगार पान छापलंय, पण यादीत ती सुगंधाच्याही खाली आहे, म्हणजे असून नसल्यासारखी. पाण्याच्या लगेच खाली अल्कोहोल आहे, आणि पुढे मोठ्या अक्षरांत ‘सौम्य’. ‘सुगंध’ हा तर एकच शब्द, पण त्याच्या पोटात किती रसायनं आहेत ते मलाही कुणी सांगितलेलं नाही. ‘वीसपैकी एकोणीस जणींना फरक जाणवला’, त्या वीस जणी म्हणजे आमचंच ऑफिस. जेवणाच्या सुट्टीत फॉर्म फिरला, मी डबी न उघडताच सगळीकडे ‘हो’वर खूण केली. गोदाम सांभाळणारी तेवढी म्हणाली, लावलंच नाही तर लिहू काय? आम्ही तिची टिंगल केली. माझी ती सीलबंद डबी मी तुला वाढदिवसाला दिली.

एवढं लिहूनही मुख्य गोष्ट मी टाळतेच आहे. पहिल्या खेपेलाच चेहरा जळजळतो म्हणून तक्रारी आल्या होत्या. क्रीम बदलायला वेळ नव्हता, म्हणून साहेबांनी माझ्याकडे एक वाक्य मागितलं. मी लिहिलं, ‘सुरुवातीची चुरचुर ही गुण येत असल्याची खूण.’ चहा गार व्हायच्या आत सुचलं, शाबासकीही मिळाली. आणि तिसऱ्या दिवशी तू रडवेल्या आवाजात विचारलंस, ताई, फार आग होतेय गं, बंद करू का? तेव्हा सगळं माहीत असून मी तुला तेच वाक्य ऐकवलं आणि लावत राहा म्हणाले. तेव्हापासून अकरा दिवस तू लावतेच आहेस. बारके, तुझ्या कातडीत काही खोट नाही, खोट माझ्यात आहे. आजच ते क्रीम बंद कर, डबी घेऊन डॉक्टरकडे जा आणि त्यांना मागची यादी दाखव. शनिवारी मी येतेय. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी पायरीवर बसून राहीन.

तुझीच, पण यापुढे जिचं तपासल्याशिवाय खरं मानू नकोस अशी,
ताई