रेडिओच्या दिव्याची तक्रार

मलकापूर,
१२ जानेवारी १९६९

प्रिय रुख्मिणी,

तुझं पत्र काल मिळालं. नागपूरच्या त्या रेडिओवाल्याशी तू भांडलीस, एवढा महागाचा सेट आणि दिवा असा मिणमिणता कसा म्हणून त्याला चारचौघांत खडसावलंस आणि रविवारी पुन्हा जाणार आहेस, हे वाचून माझा जीव वरखाली झाला. बाई, जाऊ नकोस. त्या माणसाचा काही दोष नाही. रेडिओत काहीच खोट नाही. तुझ्या बाबांनी तुला तक्रारीचं पत्र टाकलं तेव्हा मी शेजारीच बसले होते, पण त्यांना अडवायचं मला सुचलं नाही. मनात जे येत होतं ते तुला लिहायचा धीरही झाला नाही.

दिवाळीत तू तो रेडिओ आणलास तेव्हा बाबा किती हरखले होते, आठवतं ना? ड्यूटीवरून आले की खाकी कपडे न बदलता आधी त्याच्यापुढे बसायचे. पण तू नागपूरला परत गेलीस आणि थोड्याच दिवसांत कुरकुर सुरू झाली. स्टेशनांची नावं दिसत नाहीत, खालच्या दाबायच्या पांढऱ्या चाव्यांवरचं काही वाचता येत नाही. "हा काय उजेड हाये? काजव्याच्या ढुंगनाले याच्याहून जास्त उजेड असते!" असं म्हणून ते नाक काचेला लागेल इतके वाकायचे. फकीर मोहम्मद मिस्त्रीला बोलावलं. त्यानं पाठ उघडून आतला दिवा बदलला. तरी तेच. मग त्यानं आणखी मोठा दिवा टाकला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकी, याच्याहून मोठा टाकला तं काच तडकन. मले तं लख्ख दिसून राह्यलं." त्याच संध्याकाळी शेजारची गोजरबाई विरजण मागायला आली होती. तिनं उंबऱ्यात उभं राहून सहज चाव्यांवरचे आकडे वाचले. बाबा बोटानं चाव्या चाचपत, मोजत राहिले.

मग मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. पाण्याचा तांब्या डाव्या बाजूला ठेवला की लवंडायचा. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. एकदा विजेच्या दिव्याकडे बघून मला म्हणाले, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, तुलेही दिसते का? मी नाही म्हणाले, तर विषयच बदलला. डोळे दाखवून या, एवढंच मी म्हटलं, तर भरल्या ताटावरून उठले. "माह्या डोळ्याईले काई नाई झालं. लोकं माह्या भरवशावर गाडीत झोपतात, अन् तू मले आंधळा ठरवतेस?" रुख्मिणी, हेच तर माझं भय होतं. लोक खरंच त्यांच्या भरवशावर झोपत होते. राजूरचा घाट, वळणं, आणि यांच्या हातात एस.टी.चं चाक.

डिसेंबरात मी रोहिणखेडला झुंबर मावशीकडे गेले होते. परतताना मोताळ्याच्या फाट्यावर मिळाली ती नेमकी बाबांचीच गाडी. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. दिवस कलत आला होता. कंडक्टर तुझे सईदकाका. तिकिटं फाडून झाली की ते आपल्या जागेवर बसले नाहीत. थेट बाबांच्या खांद्याशी येऊन उभे राहिले आणि हळू आवाजात बोलत राहिले. मला वाटलं, दोघांच्या गप्पा चालल्या आहेत. मग शब्द ऐकू आले. "भाऊ, डाव्या हाताले बैलगाडी हाये. जरा हळू. हाव, आता मोकळं हाये. समोर पूल येऊन राह्यला." बाबा नुसते मान हलवत होते. एका ठिकाणी सईदकाकांना कोणा म्हातारीनं मागे बोलावलं, ते वळले, आणि तेवढ्यात कडेनं कपाशीचं गाठोडं डोक्यावर घेऊन चाललेली बाई मला दिसली. बाबांना दिसली नाही. मी ओरडले. गाडी कचकन थांबली. त्या बाईनं गाठोडं टाकून शेतात उडी मारली म्हणून वाचली. खाली उतरून बाबांनी तिचं गाठोडं उचलून दिलं, आणि तरी मला म्हणाले, "तीच मधात आली."

दुसऱ्या दिवशी बाबा पहाटेच्या फेरीला गेल्यावर मी डेपोत गेले. पदर सावरत साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. सईदकाकांचं नाव मात्र काढलं नाही, नाहीतर त्यांच्याही पोटावर पाय आला असता. साहेब भले होते. बाबा परतताच त्यांना गाडीवरून उतरवलं आणि डोळे तपासून यायला सांगितलं. संध्याकाळी घरी आले तर चेहरा ओळखू येईना. सारखं एकच, "सईदनं घात केला. त्याच्याशिवाय कोनाले ठाऊक नोतं." मी चुलीपाशी बसले होते. खाली मान घालून भाकरी थापत राहिले. दोन दिवसांनी सईदकाका आले, अकोल्याला डॉक्टरांकडे सोबत येतो म्हणाले. बाबांनी त्यांच्या तोंडावर दार लावलं. दार लागताना सईदकाकांनी माझ्याकडे पाहिलं. डेपोत मीच गेले होते हे त्यांना कळलं होतं, पण त्यांनी बाबांना अवाक्षर सांगितलं नाही. बाजारात लोक त्यांना चुगलखोर म्हणू लागले, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

अकोल्याला मीच गेले सोबत. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, बुबुळावर लहानसं यंत्र ठेवून पाहिलं. काचबिंदू आहे. कडेची नजर गेली ती गेली, उरलेली औषधानं टिकवायची. चाक आता कायमचं सुटलं. परत येताना गाडीत बाबा पुन्हा सईदकाकांना बोलू लागले, आणि मला राहवलं नाही. "सईदनं नाई, म्या सांगतलं डेपोत. त्यानं तं तुमाले सांभाळलं," असं मी म्हणून गेले. ते म्हणाले, "मले काऊन नाई सांगतलं आंधी?" मी म्हटलं, सांगतलं होतं, तुम्ही ताटावरून उठलात. शेगाव गेलं, नांदुरा गेलं, ते खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावरही माझ्याशी बोलेनात. मी वाढलेलं जेवायचे, पण मान वर करून पाहायचे नाहीत. ते दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

परवा दुपारी अचानक टोपी घालून उभे राहिले. "चाल, सईदच्या घरी." तिथे सरवरीभाभीनं खाट टाकली, पण बाबा बसले नाहीत. "सईद, मले माफ कर," म्हणाले आणि मोठ्यानं रडले. मी लग्नापासून त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. सईदकाकांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. "भाऊ, माहीबी चूकच झाली. म्या तुमाले गाडी चालवू द्याले नोती पायजे. वैनीत हिंमत होती, माह्यात नोती." डेपोत बाबांना आता दुसरं काही काम देतात का, ते अजून कळलं नाही.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. इथवर हात चालला, आता चालत नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी निघताना विचारलं, मुलं किती? मी म्हटलं, एकच मुलगी, नागपूरला शाळेत शिकवते. ते म्हणाले, हा आजार रक्तातून उतरतो, दुखत नाही, खुपत नाही, कळतं तेव्हा उशीर झालेला असतो; तिचे डोळे तपासून घ्या, आजच कळवा. माझाच धीर होईना, म्हणून इतके दिवस गेले. घरी आल्यावर बाबा जे गप्प झाले ते नुसतं माझ्यावरच्या रागानं नव्हे, तुझ्या धास्तीनं, हे मला काल कळलं. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, दुकानदाराशी तू भांडलीस तिथवर, आणि ते म्हणाले, "तिले लिही. म्या ऐकलं नाई तसं तिनं करू नये." रुख्मिणी, रविवारची वाट पाहू नकोस. रजा काढ, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात जा आणि डॉक्टर काय म्हणतात ते तार करून कळव. तुझी तार येईपर्यंत आम्ही दोघं पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसलो आहोत.

तुझ्या काळजीनं व्याकुळ,
तुझीच आई