मला बसला करंट, नाव झालं रागिणीचं

तीर्थस्वरूप शालूताईस,

वलगावहून धाकट्या सुभद्रेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला गेला का? अकोल्यात ऊन आमच्यापेक्षा चढच असेल, पण चालू कूलरला ओला हात लावू नका. (कारण पुढे येईलच.) हे फोनवर सांगितलं असतं, पण भिंतीपलीकडे माझी धाकटी जाऊ रागिणी राहते आणि तिचे कान फार तिखट आहेत.

तर ताई, रागिणीनं ड्रिल मशीन घेतली. बायका साडी घेतात, पोत घेतात. हिनं भिंतीला भोकं पाडायचं यंत्र घेतलं! तेव्हापासून गल्लीत दुसरं नावच नाही. कुणाचा पडदा असो की कुणाचं देवघर, "रागिणीले बोलवा." मोठी सून मी, पुरण माझ्या हातचं, आणि नाव तिचं. आमचे हे (ज्यांच्या तोंडून 'भाजी बरी झाली' एवढंही मी कधी ऐकलं नाही) तिनं पाडलेल्या भोकाकडे बघून म्हणाले, "वा! काय सरळ पाडलं!" भोकाचं कौतुक, ताई. भोकाचं!

अशात सासूबाई न्हाणीत घसरल्या. हाड वाचलं, पण भिंतीला धरायची दांडी लावायचं ठरलं. रागिणी म्हणाली, अमरावतीहून आले की लावते. ती बसमध्ये बसली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. शेजारच्या मोतीराममामांची जुनी, लोखंडी अंगाची ड्रिल मागून आणली. तिच्या प्लगला तीन पिना, न्हाणीजवळच्या बोर्डाला भोकं दोनच. मी प्लग छाटला आणि दोन वायरी काडेपेटीच्या काड्या ठोकून बोर्डात बसवल्या. तिसरी हिरवी वायर उरली. ती मला शोभेची वाटली, म्हणून छान गुंडाळून ठेवली. फरशी ओली, पाय अनवाणी (न्हाणीत चप्पल घालून कोण जातं?), आणि बटण दाबलं.

पुढचं काय सांगू? मशीन मी धरली होती की मशीननं मला, कळेना. मूठ सुटेना, ओरडावं तर जबडा उघडेना. सासूबाई दारातून किंचाळल्या आणि मला हात लावायला धावल्या. तेवढ्यात (माझं नशीब बघ, हीच यायची होती!) रागिणी पिशवीसकट आत आली. तिनं आधी सासूबाईंना मागं ओढलं, मग पळत जाऊन मेन स्विच पाडला. मी धाडकन खाली.

"काहून केलं ताई असं? मरून राहिल्या होत्या ना तुमी!" असं म्हणून ती मला मिठी मारून रडायला लागली. मीही रडले. खरं सांगते, तेव्हा मनात तिच्याविषयी काही काळं नव्हतं. (ते डॉक्टरांकडून घरी येईपर्यंत टिकलं.)

मग वायरमन आला. मशीनच्या आतली वायर सोलून तिच्या अंगाला टेकली होती म्हणे, आणि तो करंट जमिनीत न्यायचं काम त्या हिरव्या वायरीचं. तिला जागा नव्हती म्हणून तो माझ्यातून गेला. शिवाय घराला अर्थिंगच नव्हतं! रागिणीनं उभं राहून अंगणात खड्डा खणवला. मीठ, कोळसा, तांब्याची पट्टी घालून घेतली. करंट गळला की आपोआप पडणारा स्विच बसवला. आता गल्लीभर तेच चाललंय, "रागिणी होती म्हून वाचली." करंट मी खाल्ला, त्याचं कुणाला काही नाही.

मी त्या यंत्राचा नाद कायमचा सोडला आहे. भावजींना नमस्कार.

तुझी,
सुभद्रा

ता. क. – न्हाणीतली दांडी काल बसली. भोकं मी पाडली. मशीन रागिणीची, प्लग अख्खा, फरशी कोरडी, पायात रबरी चप्पल, डोळ्यांवर चष्मा. तू रविवारी ये. आल्याबरोबर न्हाणीत जा आणि बाहेर येऊन ह्यांच्यासमोर मोठ्यानं विचार, "दांडी कोणं बसवली वो?" पत्र त्याचसाठी लिहिलं.

पुन्हा ता. क. – रागिणी तिथं असेल तर मात्र विचारू नकोस. ती लगेच म्हणेल, "ताईनं एकटीनं बसवली." आणि मग सगळे म्हणतील, पोरगी मनानं किती मोठी!