अकरा फटी

हिगाशी-ओसाका, ८ एप्रिल १९९९

ती. सौ. चिझुरूताईस सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या उशाशी असतो, म्हणून हे पत्र. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, तेव्हा ठीक आहे. बाबांनी अजून कारखान्याचं शटर उघडलेलं नाही. दोन वर्षांत कानस हातात धरलेली नाही. दिवसभर टीव्हीवर बेसबॉल बघतात आणि कोण जिंकलं विचारलं तर सांगता येत नाही.

परवा न्हाव्याकडे गेमच्या मासिकातलं निरासावाचं सदर वाचलं. येत्या गेमयंत्रात कोणती चिप, किंमत किती, सगळं आधीच ओळखतो म्हणे. याच माणसाने बाबांच्या शेजारी बसून साके ढोसली आणि ‘तर्जनी अर्धी तुटलेल्या एका साचेवाल्याने मला गुपित सांगितलं’ असं छापलं. यंत्र तापेल का, असं त्याने विचारल्यावर बाबा नुसते हसले होते, त्या हसण्याचंच त्याने गुपित केलं. आपल्या गल्लीत अर्धी तर्जनी एकच. गेमयंत्राच्या कंपनीने बाबांकडचे कवचांचे साचे परत नेले आणि चाळीस वर्षांचं नाव एका ओळीत गेलं.

ताई, त्याची जिरवल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही. तो तुझ्या खानावळीत रोज येतो ना?

भाओजींना नमस्कार. माझ्यावर माया आहेच, ती आता कामाला लाव.

तुझा,
कात्सू

*

टोकियो, १५ एप्रिल

चि. कात्सूस अ. उ. आ.

येतो तर. सासरच्या नावामुळे मला ओळखत नाही. मी त्याच्या करीत मांस कमी आणि बटाटे जास्त घालते, पण तेवढ्याने माझंही भागत नाही.

त्याची विद्या मी ऐकून ऐकून पाठ केली आहे. चिप कुणालाच दिसत नाही. पण यंत्राच्या बाहेरच्या कवचावरच्या हवेच्या फटी मोजल्या की ती किती तापते ते कळतं, आणि तापणारी चिप म्हणजे महाग चिप. तू येत्या यंत्राचं वाटेल असं एक कवच कर. फटी भरपूर ठेव.

आमच्याकडे गिऱ्हाइकांच्या विसरलेल्या वस्तूंची फळी आहे. तिथे उघड्या पिशवीत घालून, तारखेची चिठ्ठी लावून ठेवीन. तोंडाने खोटं बोलणार नाही, मी बाबांची मुलगी आहे. उचलायचं की नाही ते त्याचं तो ठरवील.

वेळेवर जेवत जा. लोभ तर जन्मापासूनचा आहे, तो काही कमी होत नाही.

तुझी ताई

*

हिगाशी-ओसाका, १० मे

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

कवच पाठवतो आहे. हल्ली मी दुसऱ्याच्या कारखान्यात डब्यांचे साचे करतो, तिथेच जेवणाच्या सुट्टीत कोरलं. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा फटी आहेत. कुणीही म्हणेल, आत भट्टी पेटली आहे. बाबांना अवाक्षर कळू देऊ नकोस, ते मला उभा चिरतील.

तुझ्या आशीर्वादाच्या भरवशावरचा,
कात्सू

*

टोकियो, ३ जुलै

चि. कात्सूस अ. उ. आ.

पहिल्याच दिवशी निरासावा ‘ही माझीच पिशवी’ म्हणाला आणि वाकून आभार मानले. मीही वाकले.

मासिकात कवचाचा पानभर फोटो आला, तो तू पाहिलाच असशील. बावन्न हजार येनच्या खाली हे यंत्र आलं तर लेखणी मोडीन, असं लिहिलं होतं. मग कंपनीने पडदा उघडला. एवढीशी चपटी पेटी, एक फट नाही, आणि किंमत चोवीस हजार. त्याच्या शब्दावर मागणी नोंदवायची थांबलेल्या दुकानदारांनी मासिकाचा फोन खणखणवला. संपादकाने विचारलं, कवच कुठून आणलं. खानावळीतून ढापलं, हे सांगणार कसं? सदर बंद झालं.

काल एकटाच आला. मी म्हटलं, तुमची आणखी एक वस्तू इथे राहिली आहे. फळीवरून त्याचंच ते जुनं कात्रण काढून पुढे ठेवलं. चिठ्ठीवर विसरलेली वस्तू म्हणून बाबांचं नाव घातलं होतं: ‘कुवानो तोकुजी यांचं नाव’. वाचून पांढराफटक पडला. करी तशीच टाकून गेला.

कात्सू, मला बरं वाटलं. थोडंसं वाईट वाटेल अशी वाट पाहिली, पण नाही वाटलं.

बाबांना जप. तुझ्यावरचा लोभ आज दुप्पट आहे.

ताई

*

हिगाशी-ओसाका, ९ जुलै

चि. सौ. चिझुरूस अनेक आशीर्वाद.

मासिकातला फोटो मी न्हाव्याकडे पाहिला. कुणाचा हात आहे हे कळायला मला चष्मा लागला नाही. बाकीचं कात्सूकडून वदवून घेतलं.

उजवीकडची सातवी फट तिरकी आहे. घाई झाली की कात्सूची कानस डावीकडे ओढते, लहानपणापासूनची खोड. कडाही घासलेल्या नाहीत. असलं काम आपल्या घरातून बाहेर पडलं आणि पानभर छापून आलं, याची मला लाज वाटली. बाकी तुम्ही जे केलंत त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आधी सांगितलं असतंत तर नीट करून दिलं असतं.

मंगळवारी शटर उघडलं. गंज फार होता, कात्सूला तेल घालायला बसवलं. बोट पहिल्यासारखं चालत नाही, पण चालतं.

सोबत तसंच कवच पाठवतो आहे, माझ्या हातचं. फटी मोजून बघ, एकीलाही नाव ठेवता येणार नाही. ते फळीवर ठेव. तो माणूस परत आला तर त्याला दिसेल असं ठेव, आणि चिठ्ठीवर माझं पूर्ण नाव लिही.

जावईबापूंना नमस्कार. लोभ पत्रात मावत नाही, म्हणून वस्तू पाठवली.

बाबा