फाटकापाशी नऊ सेकंद

९ जुलै १९७०, गुरुवार

लायमन सिनेमात आहे म्हणे!

सकाळी कोरिनचा फोन. माझी नणंद फोनवर कधी कशी आहेस, बरी आहेस ना, असलं काही विचारत नाही. "व्हर्ना, अगं त्या नागड्यांच्या सिनेमात आपला लायमन आहे! तुमच्या फाटकाशी उभा. माझी शेजारीण डोळ्यांनी बघून आली."

मी म्हटलं, बरं. तेवढ्यात दुधाचा टँकर आला म्हणून फोन ठेवला.

नागड्यांचा सिनेमा म्हणजे गेल्या ऑगस्टमधला तो गाण्याबजावण्याचा मेळा. पलीकडच्या माळावर तीन दिवस धुडगूस चालला होता. लाखभर पोरं आली असतील. अनवाणी, केस वाढवलेली, चिखलात लोळणारी. कॅमेरेवालेही आले होते. त्यांनी जे जे दिसलं ते टिपलं आणि आता त्याचा तीन तासांचा माहितीपट गावातल्या थिएटरात लागलाय.

मी ते तीन दिवस पडदे ओढून घरात बसले होते.

लायमन फेब्रुवारीत गेला. गोठ्यात, धार काढता काढता. पाच महिने झाले. मी रडले नाही अजून. दात काढताना हिरडी बधिर करतात ना, तसं. दाबलं तर कळतं की इथे काहीतरी आहे. एवढंच.

११ जुलै, शनिवार

दुपारच्या खेळाला गेले. थिएटरात सगळे मिळून अकरा जण. मक्याच्या लाह्या घेतल्या.

गिटारी, ढोल, किंचाळणं. एक पोरगी पाण्याच्या डबक्यात एकटीच नाचते — पाच मिनिटं तीच! माझ्या पुढचा माणूस घोरत होता. दीड तास गेला. वाटलं, कोरिनच्या शेजारणीला भास झाला असेल.

आणि मग एकदम आमचं फाटक. आमची पत्र्याची टपालपेटी. लायमन हातात पाण्याची नळी धरून उभा, पोरांच्या बाटल्या भरतोय. हसतोय. टोपी मागे सरकलेली.

त्याच्याशेजारी एक उंच पोरगा, कॅमेऱ्याकडे पाठ करून. लाल-काळ्या चौकड्याचा सदरा. लायमनचा दुसरा हात त्या पोराच्या मानेवर.

तो सदरा मी ओळखते. कोपरावरचं ठिगळ मी लावलंय. रॉइसचा सदरा.

झालं. पुन्हा गिटारी.

लाह्या मी संपवल्या. शेवटपर्यंत बसले. घरी येऊन धारा काढल्या.

१२ जुलै, रविवार

चर्चला गेले नाही. कुंपणाची तार नीट केली.

१३ जुलै, सोमवार

पुन्हा गेले. या वेळी घड्याळ घेऊन. नऊ सेकंद.

तिकीट-खिडकीवरची मुलगी म्हणाली, "आउटवॉटरबाई, तुम्हाला रॉक संगीत आवडतं?" म्हटलं, हो.

१५ जुलै, बुधवार

इथे खरं लिहायचं नाही तर कुठे?

गेल्या वर्षी मार्चमध्ये रॉइसला भरतीचा कागद आला. तो म्हणाला, मी व्हिएतनामला जाणार नाही, कॅनडात जातो. जेवणाच्या टेबलावर. लायमन जर्मनांशी लढून आलेला माणूस. तो काटा खाली ठेवून म्हणाला, "जा. पण मग या उंबरठ्यावर पुन्हा पाय ठेवू नकोस." रॉइसने माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं? बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं.

त्यानंतर लायमनने त्याचं नाव घेतलं नाही. मीही नाही. दोघं माणसं एका घरात, मधे तो विषय बैलासारखा बसलेला.

लायमनला पुरलं त्या दिवशी रॉइसचा टोरांटोहून फोन आला. सरहद्दीवरच पकडतील म्हणून येता येत नव्हतं. रडत होता. मी म्हटलं, "आता कशाला?" आणि फोन ठेवला. नंतर त्याची चार पत्रं आली. एकालाही उत्तर दिलं नाही.

त्याच्यामुळेच लायमनचं काळीज फुटलं, असं मी धरून बसले होते. कोणीतरी हवं असतं ना.

आणि आता हा सिनेमा! म्हणजे रॉइस ऑगस्टमध्ये इथे आला होता. माझ्या खिडकीपासून शंभर पावलांवर. बापाने मानेवर हात ठेवला, आणि आईला कोणीच काही सांगितलं नाही.

१६ जुलै, गुरुवार

कोरिन आली होती. तिला घेऊन गेले दुपारी. ती मधेच मोठ्यानं म्हणाली, "रॉइसच! चालच बघ ना." म्हटलं, कोरिन, तो चालत नाहीये, उभा आहे.

"तेच ते. उभं राहणंच बघ."

बाहेर आल्यावर ती रडली, रस्त्यातच. मी तिला रुमाल दिला. ती म्हणते, "माझा भाऊ मोठा लबाड. तुला काही बोलला नाही?" नाही. "तुला राग नाही येत?"

विचार केला. नाही येत. राग यायला हवा, हे कळतं.

१८ जुलै, शनिवार

थिएटरचे मालक फुस्को स्वतःच बाहेर आले. म्हणाले, "बाई, आज चौथी खेप. काही हरवलंय का तुमचं?"

सांगितलं त्यांना. त्यांनी टोपी काढली. वरच्या खोलीत नेलं, जिथून सिनेमा दाखवतात. बारीकशी खोली, भट्टीसारखी तापलेली. म्हटलं, ते चित्र तेवढं थांबवता येईल का? पोराचा चेहरा वळतोय का बघायचंय.

"थांबवलं तर जळेल हो. दिवा इतका प्रखर असतो की फिल्म एका जागी राहिली की वितळते. पळती आहे तोवरच ती शाबूत." मग म्हणाले, "कंपनीला लिहा. सिनेमात नऊ सेकंद असतात तेव्हा त्यांच्याकडे दहा मिनिटं पडून असतात."

भिंतीवरच्या पोस्टरवरून पत्ता उतरवून दिला.

१९ जुलै, रविवार

पत्र लिहिलं. चार ओळी. 'फाटकापाशी नळी धरलेला माणूस माझा नवरा. तो वारला. त्याच्या शेजारी उभा मुलगा बहुतेक माझा. अजून काही असेल तर बघायचं आहे.'

२४ जुलै, शुक्रवार

सिनेमा उतरला. त्या जागी लढाईचा लागलाय.

२ ऑगस्ट, रविवार

गवत कापून झालं. कोरिनच्या नवऱ्याने मदत केली. म्हणतो, गाई विकून टाक. म्हटलं, बघू.

६ ऑगस्ट, गुरुवार

न्यूयॉर्कहून फोन! मिरियम लास्को नावाची मुलगी. सिनेमाची कापाकापी, जोडाजोडी करते. भरभर बोलते, श्वास घेत नाही. "आउटवॉटरबाई, सापडलं! सात मिनिटं आहेत. आवाजासकट. पाठवता येणार नाही, तुम्ही याल का?"

आवाजासकट.

म्हटलं, येईन. मग गोठ्यात जाऊन बसले थोडा वेळ.

१२ ऑगस्ट, बुधवार

बसमध्ये लिहितेय, परतताना. अक्षर हलतंय.

चौथ्या मजल्यावरची खोली. दोऱ्यांवर फिल्मचे तुकडे वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लटकलेले. मिरियम पंचविशीची असेल, बोटांना सगळीकडे चिकटपट्ट्या. मला खुर्ची दिली, कॉफी दिली. टेबलावर एक यंत्र, त्यावर पोस्टकार्डाएवढा पडदा. म्हणाली, "तयार आहात? थांबायचं असेल तर नुसता हात वर करा."

लायमन. नळी. आणि त्याचा आवाज — घोगरा, घसा न खाकरता बोलायची सवय. सहा महिन्यांनी ऐकला.

"ओला गच्च झालायस की रे. थांब, सदरा देतो. माझ्या पोराचा आहे."

सदरा चढवून पोरगा वळला.

रॉइस नव्हता.

तोंडभर वांग, दोन दात पुढे. कोणाचा कोण. अंगात आमच्या रॉइसचा सदरा.

मी हात वर केला नाही. मिरियमने माझ्याकडे पाहिलं, पण यंत्र चालू ठेवलं.

"कुठला तू?"

"ओहायोचा, काका."

"भरतीचा कागद आलाय?"

पोरगा दचकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"तोंडावर दिसतं. माझ्याही पोराचं असंच झालं होतं. मग? कॅनडा?"

"इथून थेट. एक जण गाडीतून नेतोय."

"आईला सांगितलंस?"

"नाही. ती मरेल."

तेव्हा लायमनने त्याच्या मानेवर हात ठेवला. ते नऊ सेकंद ते. बाकी सगळं त्यांनी कापलं होतं. लायमन म्हणत होता, "माझापण तिकडेच आहे. मीच हाकलला. रॉइस आउटवॉटर, टोरांटोला असतो. भेटला तर त्याला म्हणावं —"

आणि वरून हेलिकॉप्टर गेलं. गाणाऱ्यांना आणायला येत असायचं ते. लायमनचे ओठ हलताना दिसतात. बराच वेळ बोलला. पोरगा मान हलवतोय. आवाज नुसता पंख्याचा.

मिरियमने पाच वेळा लावून दाखवलं. आवाज कमी करून, जास्त करून, हळू चालवून. मग तिनेच डोळे पुसले. "माफ करा हो. यातून नाही काढता येत."

हेलिकॉप्टर गेल्यावर एवढंच ऐकू येतं: "आधी आईला फोन कर. न सांगता गेलास तर ती रोज आतल्या आत जळेल. मी बघतोय घरात. माझी ती पडदे ओढून बसलीय तिथे. तिच्याशी दोन शब्द बोलायची माझी छाती नाही. चल, गोठ्यात फोन आहे."

दोघं गोठ्याकडे चालत जातात. कॅमेरा मागून. मग पांढरं.

मिरियमने विचारलं, तो मुलगा कोण, शोधू का? ज्यांचं चित्र घेतलं त्यांच्या सहीचे परवानगीचे कागद असतात. म्हटलं, शोधा. कशाला म्हटलं, कोण जाणे.

तर लायमनला माहीत होतं. मी जळतेय हे. मला वाटायचं, त्याला गाईंपलीकडे काही दिसत नाही.

बस आता नदी ओलांडतेय. मला काहीच वाटत नाहीये. रॉइस आला नव्हता, याचंही नाही.

१३ ऑगस्ट, गुरुवार

कोरिनला सांगितलं. ती म्हणाली, "मग रॉइसला फोन कर, बाई! बापाने काय ते बोलून ठेवलंय."

म्हटलं, काय बोलला ते कुठे ऐकू आलं?

"व्हर्ना, तू ना, दगड आहेस दगड."

असेन.

२० ऑगस्ट, गुरुवार

रॉइसला पत्र लिहायला बसले. 'प्रिय रॉइस, गवत चांगलं झालं.' फाडलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

'प्रिय रॉइस.' फाडलं.

२९ ऑगस्ट, शनिवार

करड्या गाईला कालवड झाली. पायाळू आली. खांद्यापर्यंत हात घालून ओढली. दोघी ठीक.

३ सप्टेंबर, गुरुवार

ओहायोहून पत्र. लॉरेटा स्ट्रूप. मिरियमने तिला शोधलं, माझा पत्ता दिला. लिहिते की त्या मुलाचं नाव ड्वेन. आमच्या गोठ्यातून त्याने तिला फोन केला होता. विचारलं होतं, आई, जाऊ का? 'तुमच्या नवऱ्याने त्याला फक्त मला विचारायला सांगितलं, बाई. परत ये, लोक काय म्हणतील, हे मी म्हटलं. तो लगेच आला. माझं ऐकणारा होता. मे महिन्यात व्हिएतनाममध्ये मारला गेला. एकोणीस वर्षांचा. आमच्या गावात तो सिनेमा लागला नाही. तुम्ही त्याला पाहिलंत. हसत होता का?'

टोरांटोला फोन लावला. घंटा वाजत राहिली, मग त्याने उचलला. "हॅलो? कोण?"

म्हटलं, "आई." हुंदके आवरेनात. तो तिकडून नुसता म्हणत होता, "रड, आई. मी आहे. फोन ठेवू नकोस."

नाही ठेवला.