ऐंशी डाव्या बाह्या

तीर्थरूप मावशीस,

तुझ्या धांदरट भाचीचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठडा धरतेस ना? (नाही धरत, माहीत आहे मला. धर.) इकडे सगळे खुशाल. मी तर इतकी खुशाल आहे की शेजारीण म्हणते, जरा हळू हस.

कपड्यांच्या कारखान्यातून मुकादमाने मला ‘हाताला शिस्त नाही’ म्हणून घरी बसवलं, ते तुला कळलंच असेल (आईच्या पोटात काही राहत नाही). मग मी पुढच्या खोलीत मशीन मांडलं. पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. त्याच्या सदऱ्याचा गळा इतका बेतशीर कापला, की डोकं निम्म्यात अडकलं. आमच्या ह्यांनी सदरा ओढला, शेजारणीने पोस्टमन धरला, शेवटी गळा उसवून मी माणूस सोडवला. दुसऱ्या दिवशी नीट करून दिला. भला माणूस अजून तोच सदरा वापरतो, फक्त घालताना बायकोला जवळ उभं करतो.

त्याच्याच ओळखीने अग्निशमन दलाच्या बँडचं काम आलं. चाळीस निळे कोट, आठ दिवसांत. मी जोशात सगळं कापड कापलं आणि पहिला कोट ह्यांच्या अंगावर चढवला, तर उजवा हात पाठीकडे वळायला लागला. हे शांतपणे म्हणाले, “अगं, मला दोन्ही हात डावेच आहेत का?” मावशी, ऐंशीच्या ऐंशी बाह्या डाव्या कापल्या होत्या. त्या रंगाचं कापड बाजारात संपलेलं, हातात चार दिवस. मी जमिनीवर बसून मनसोक्त रडले (नाक पुसायला बाहीच घेतली होती, पण बाईने कबूल किती करायचं). रडून झाल्यावर तीच बाही उलटी करून बघितली. डावीची उजवी झाली, पण कापडाची आतली बाजू फिकट. एक हात गडद, एक फिका. चूक लांबून दिसत होती. मग म्हटलं, दिसतेच आहे तर नीट दिसू दे. कॉलर फिकी केली, खिशांच्या झडपा फिक्या केल्या. चूक एका ठिकाणी असली की चूक दिसते, चार ठिकाणी केली की फॅशन होते.

बँडमास्तर आला, कोटाभोवती दोनदा फिरला. “हे मुद्दाम केलंय?” मी खरं ते सांगून टाकलं. तो मिशीवरून बोट फिरवत म्हणाला, “बाई, हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. सगळे असेच द्या.”

संचलनात चाळीस फिके हात एकदम वर गेले, आणि रस्ताभर टाळ्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आमचा मुकादम होता. कोट कुणी शिवले, हे त्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. अगदी गोड आवाजात.

काकांना नमस्कार सांग.

तुझीच,
धांदरट

ता. क. : पोस्टाच्या बँडला अगदी तसेच साठ कोट हवेत. पंधरा दिवसांसाठी ये. काजं तुझ्यासारखी कुणाला जमत नाहीत, आणि मला तर मुळीच नाही.

ता. क. दुसरा : या वेळी तीनदा तपासून कापलं. साठ डाव्या, साठ उजव्या, एकही चूक नाही. म्हणजे सगळंच चुकलं, कारण फिका उजवा हात डावी बाही उलटूनच होतो, आणि उजवी उलटली की फिका डावा. आता तीस जणांचा उजवा हात फिका होईल आणि तीस जणांचा डावा. पोस्टाच्या बँडमास्तरला मी कळवून टाकलंय की समोरासमोर दोन रांगा उभ्या करा, फार शोभून दिसेल. त्याला कल्पना इतकी आवडली, की तो म्हणाला, अशी माणसं कारखान्यात हवीत.