तीन खाचरांची वाटणी

मी, सुलक्षणा हनुमंत रेणुसे, वय अडुसष्ट, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मौजे गुंजवणे, तालुका वेल्हे (आता राजगड म्हणतात, मला दोन्ही चालतं), जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाला बळी न पडता, पूर्ण शुद्धीवर राहून, माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहून दिलं नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

१. राहतं घर आणि त्यातलं सामान माझी मुलगी सौ. वैष्णवी हिला द्यावं. तिला फुटबॉलचा मनापासून कंटाळा आहे, म्हणून खेळाच्या जमिनीत तिचा हिस्सा ठेवलेला नाही. याला तिची संमती आहे. "आई, ती खाचरं माझ्या गळ्यात मारू नकोस," हे तिचेच शब्द.

२. घराखालच्या उतारावरची तीन भातखाचरं मी माझ्या पगारातून खरेदी केलेली आहेत, वडिलार्जित नाहीत. वरचं अंगणाएवढं, मधलं त्याहून मोठं, खालचं सगळ्यांत ऐसपैस. पावसाळ्यात तिन्हींत इंद्रायणी असते, आणि भात झोडून झालं की तिन्हींत पोरं. वर सहा ते आठ वर्षांची, मध्ये नऊ ते बाराची, खाली तेरा ते सोळाची. हे मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही. आमच्या शाळेला एकदा क्रीडासाहित्यात एक फुटबॉल आला. तो कुणालाच नको होता म्हणून माझ्या वर्गात आला. मला खेळाचा एकही नियम ठाऊक नव्हता. मग बांधावर बसून पोरं काय करतात ते बघत राहिले. बघता बघता ध्यानात आलं की सहा वर्षांचं पोर आणि तेरा वर्षांचं पोर एकच खेळ खेळत नसतात.

३. वरचं खाचर आरती सोमेश्वर मरगळे, राहणार धनगरवाडा, हिला द्यावं. ती माझी विद्यार्थिनी, आता माझ्याबरोबर पोरांना खेळ शिकवते. या खाचरात गोल मोजायचे नाहीत. प्रत्येक पोराला वेगळा चेंडू द्यायचा. "पास दे" म्हणून ओरडायचं नाही. या वयात चेंडू आपला असतो, तो दुसऱ्याला का द्यायचा हेच त्यांना कळत नाही. सगळी घोळक्याने धावतील, धावू द्यावं. कुणी आपल्याच गोलात चेंडू घालून नाचू लागलं तर आपणही नाचावं. ज्या दिवशी पोर मान वर करून बघेल आणि न सांगता चेंडू मित्राला देईल, त्या दिवशी त्याने बांध उतरून मधल्या खाचरात जावं. वाढदिवस बघून खाली धाडू नये.

४. मधलं खाचरही आरतीलाच. या वयाला एकदा करून दाखवलं की पुरतं, भाषण देऊ नये. नियमांच्या बाबतीत ही पोरं वकिलांना भारी असतात. "बाई, त्याचा हात लागला" हे ऐकून घ्यावं आणि न्याय करावा, कारण त्यांचा अर्धा खेळ तोच असतो. गोलात प्रत्येकाने पाळीपाळीने उभं राहावं. बांबूचे गोल आमच्या ह्यांनी केलेले आहेत, जरा वाकडे आहेत. ते कुजेपर्यंत लोखंडाचे आणू नयेत.

आरतीची आजी बयाबाई हिच्याशी माझं जुनं भांडण आहे. आरती तेराची झाली आणि खेळायला यायची थांबली. मी धनगरवाड्यावर चढून गेले. बयाबाई शेळीची धार काढत होती. म्हणाली, "पोरगी मोटी झाली. आता का चेंडूला लाता घालीत फिरंल?"

मी म्हटलं, "मेंढरामागं डोंगर चढती ते चालतं व्हय?"

"मेंढरं घरची हायेत."

"मग चेंडूबी घरचाच समजा."

ती हसली नाही, पण ताक दिलं. पुढच्या रविवारी नातीला घेऊन स्वतः आली आणि बांधावर बसून समोरच्या टीमला शिव्या घातल्या. त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत. माझी घडीची खुर्ची बयाबाईला द्यावी.

५. खालचं खाचर माझा पुतण्या कुमार याला द्यावं. तेराव्या वर्षी पोराचे पाय एकदम लांब होतात आणि चेंडू ऐकेनासा होतो. सोमनाथ, जो आता एसटी चालवतो, त्या वयात स्वतःच्याच पायात पाय अडकून पडायचा आणि आपला खेळ संपला म्हणून रडायचा. अशा पोराला मित्रांसमोर बोलू नये. बाजूला घेऊन सांगावं की पाय पुढे गेलेत, बाकीचं अंग येतंय मागून. या पोरांना खरी मॅच हवी असते, खरी हार हवी असते आणि वाद घालायला एक खमका माणूस हवा असतो. कुमार तसा आहे. किकवीला तो फुटबॉलचा क्लास चालवतो, तिथली मोठी पोरं त्याच्या शब्दाखातर विहिरीत उडी मारतील.

पण आठ वर्षांच्या पोरांनाही तो शिट्टी मारून पळवतो आणि हरली की रांगेत उभं करून चुका म्हणायला लावतो. मागच्या वर्षी मार्गशीर्षात तो जेसीबी घेऊन दारात आला. "काकी, बांध काडून टाकू. एकच मोटं मैदान हुईल."

"आणि बारकी पोरं?"

"त्याच मैदानावर. सवय लागंल त्यांस्नी."

जेसीबीवाल्याला चहा पाजून मी परत पाठवलं. तेव्हापासून कुमारशी बोलणं नाही.

६. सबब कुमारने एक संपूर्ण हंगाम वरच्या खाचरात, बारक्या पोरांत, शिट्टीशिवाय काढावा. तोवर खालचं खाचर आरतीकडे राहील. ही अट माझ्या हयातीत त्याला सांगू नये.

७. बांध कधीही फोडू नयेत. आषाढात वरचं पाणी मधल्यातून खाली जातं. आरतीने ते सोडावं, कुमारने अडवू नये. निदान त्यासाठी तरी दोघांनी बोलत राहावं.

८. इथवर लिहून मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला गेले. आरतीची परीक्षा होती. तिने मला न विचारता कुमारला फोन करून बारक्या पोरांकडे बघायला बोलावलं. मी रविवारी काळा चष्मा लावून परतले, तर तो वरच्या खाचरात जमिनीवर बसलेला. पुढ्यात एक चिमुरडी चेंडू छातीशी धरून रडत होती. "ह्यो माजा हाय. ती समदी घेत्यात."

मला वाटलं, आता हा चेंडू काढून घेणार. तो म्हणाला, "व्हय, तुजाच हाय. पळतो कसा, त्ये दावतीस का मला?"

तिने चेंडू खाली ठेवला, लाथ मारली आणि त्याच्यामागे धावत थेट आपल्याच गोलात शिरली. कुमार दोन्ही हात वर करून तिच्यामागे धावला. मग मला बघून ओशाळला. "काकी, ही पोरं येगळीच हायेत. बांध ऱ्हाऊ द्या." डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ते काही मला जमलं नाही. फार आनंद झाला.

९. म्हणून कलम ६ मी आज खोडलं आहे. वकीलसाहेब कोऱ्या कागदावर पुन्हा लिहा म्हणतात, पण मी एकच रेघ मारली आहे, कुमारला ते वाचता यावं. कलम ५ देखील रद्द समजावं. खालचं खाचर मी मेल्यावर नाही, याच आठवड्यात बक्षीसपत्राने त्याच्या नावावर करते आहे. येत्या रविवारी तो त्याची मोठी पोरं तिथे उतरवणार आहे, आणि मला ती बघायची आहेत.

सही: सुलक्षणा हनुमंत रेणुसे

बाईंनी वरील सर्व मजकूर आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला, मध्ये दोनदा हसल्या, आणि आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
१. ठकुबाई रखमाजी शिळीमकर, शेजारी
२. सोमनाथ कोंडिबा दरडिगे, एसटी चालक (कलम ५ मधलं रडण्याचं खरं आहे)

ठिकाण: गुंजवणे
दिनांक: २७ जानेवारी २०२६